सांगली-मिरजेत स्ट्रीट फोटोग्राफी वॉक : पैसे देऊन गल्ल्या फिरायच्या का?

रिकामटेकडी :
नमस्कार मंडळी. मार्चमध्ये नणंदेच्या मुलीच्या लग्नासाठी सांगलीला जायचंय. मधल्या एक-दोन सकाळी मला पूर्ण मोकळ्या मिळतील असं दिसतंय (मी मुलाकडची पण नाही आणि मुलीकडची पण अगदी जवळची नाही, त्यामुळे कामाला कोणी धरणार नाही). सासरचे म्हणतात गणपतीला जाऊन ये, आयर्विन पुलावर फोटो काढ, भडंग घे, झाली सांगली.

पण इन्स्टावर तिथल्याच एका मुलाचं पेज सापडलंय. तो सकाळचा स्ट्रीट फोटोग्राफी वॉक घेतो, तीन तास, जास्तीत जास्त चार जण, माणशी दीड हजार. एक वॉक मिरजेचा आहे, म्हणजे सतारमेकर गल्ली, दर्ग्याचा परिसर आणि लक्ष्मी मार्केट. दुसरा हळदीच्या मार्केट यार्डाचा. फोटो चांगले आहेत त्याचे, उगाच भगवा फेटा घातलेले आजोबा आणि त्यांच्या सुरकुत्या एवढंच नाहीये.

माझ्याकडे जुना मिररलेस कॅमेरा आणि ३५ एमएमची एक लेन्स आहे. प्रॉब्लेम असा की अनोळखी माणसांचे फोटो काढताना माझा हात आखडतो, आणि एकटी बाई कॅमेरा घेऊन गल्लीत उभी राहिली की पाच मिनिटांत कोणीतरी विचारतंच, मॅडम कुठल्या चॅनलच्या. तर असे वॉक कोणी केलेत का? दीड हजार देण्यासारखं त्यात काय असतं, की मॅप उघडून आपलं आपण भटकावं?

भडंगखाऊ :
दीड हजार? मला पाचशे द्या, मी अख्खी सांगली दाखवतो, वर भडंगाचा पुडा. फोटो तेवढे तुमचे तुम्ही काढा.

रुमाल टाकून ठेवतो, हळदीच्या यार्डाबद्दल संध्याकाळी लिहितो.

कृष्णाकाठचा :
सांगलीत जन्म गेला आमचा, पण सांगली फिरायला पैसे द्यावे लागतात हे आज कळलं. ताई, सरळ सांगतो. सकाळी उजाडायच्या आत गणपती मंदिरात जावा, तिथनं घाटावर उतरा. पूल १९२९ चा आहे, आपण गावाच्या बाजूला उभं राहिलं की सकाळचं ऊन पाठीमागनं येतं आणि पुलाच्या कमानीवर पडतं. संध्याकाळी उलटं, सूर्य सांगलीवाडीच्या अंगाला मावळतो, पुलावरनं जाणारी माणसं सायकली सगळं काळं काळं दिसतंय, तुम्हा लोकांना ते आवडतं असं ऐकलंय. मग तिथनं चालत टिळक चौक, हरभट रोड, कापड पेठ, मारुती रोड. दुकानं उघडायच्या वेळेला गेलात तर झाडलोट, पाणी मारणं, देवाला उदबत्ती सगळं दिसंल. खर्च शून्य. चहाचे धरा.

लेन्सवाली मावशी :
कृष्णाकाठचा, तुमचा रूट उत्तम आहे, पण रूट म्हणजे वॉक नव्हे. मी इस्तंबूलला गेले होते तेव्हा तिथल्या एका फोटोग्राफर बाईंबरोबर असा वॉक केला होता म्हणून लिहिते.

गलाता पुलाचा फोटो सगळेच काढतात, वरच्या मजल्यावर गळ टाकून उभे असलेले मासे पकडणारे आणि मागे मशिदींचे मिनार. मीही काढला, त्यात काही दम नव्हता. मग त्या बाईंनी आम्हाला एका जागी उभं केलं आणि म्हणाल्या आता अर्धा तास इथून हलायचं नाही. खाली पाण्यातून फेरी जाते, तिचा धूर येतो, गळांच्या काठ्या तिरक्या रेषा करतात, ही झाली तुमची चौकट, आता माणसं आपोआप येतील. पहिली दहा मिनिटं मला वाटलं पैसे गेले. नंतर दिसायला लागलं. एक मासेवाला बादली उचलतो तेव्हा शेजारचा त्याच्याकडे न बघता बाजूला सरकतो, रोज तिथे उभं राहणाऱ्यांनाच जमेल असं. नुसतं चालत राहिले असते तर हे सुटलंच असतं.

आणि सगळ्यात आधी चहा प्यायलो, कॅमेरे बॅगेत. त्या चहाच्या टपरीवर बसलेली माणसं नंतर आमच्याकडे बघेनाशी झाली, हे त्या दिवशीचं खरं शिकणं. माझ्या मते पैसे द्यावेत.

चौकटीबाहेर :
थोडा विरोधी सूर लावतो, आधीच दिवा घ्या.

स्ट्रीट फोटोग्राफी म्हणजे कोणाला न कळता, मध्ये न पडता, जे घडतंय ते टिपणं. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याचे चकचकीत भाग काळ्या टेपने झाकायचा ते उगाच नाही, कॅमेरा दिसू नये म्हणून. आता तुम्ही चौघं जण, चौघांच्या गळ्यात कॅमेरे आणि पुढे एक माहीतगार माणूस "चाचा, जरा इकडे बघा" करत. हे पोर्ट्रेट सेशन झालं. वाईट नाही, पण त्याला स्ट्रीट म्हणू नका. शिवाय त्या मुलाच्या प्रत्येक ग्राहकाकडे त्याच गल्लीतला त्याच आजोबांचा त्याच खिडकीतल्या उजेडातला फोटो असणार. पाच जणांची अकाउंटं शेजारी ठेवून बघा, मी बघितली आहेत (सांगलीची नाही, दुसऱ्या एका शहराची).

आयएसओ ३२०० :
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

लेन्सवाली मावशी :
@चौकटीबाहेर, लपून काढलेलाच फोटो खरा हे कुठे लिहिलंय? ब्रेसाँ पॅरिसच्या गर्दीत लपू शकत होता. मिरजेच्या आठ फुटी गल्लीत तुम्ही कुठे लपणार? भोपळ्याच्या मागे?

भडंगखाऊ :
खिक् :) भोपळ्याच्या मागे खरंच लपता येतं तिथे, मिरजकर येऊन सांगतीलच.

तंबोऱ्याची खुंटी :
आलो. मिरजकर आहे, घर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

हो, भोपळे असतात, आणि ते आपल्या भाजीचे नसतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, कडू आणि जाड सालीचे, वाळवून पोकळ केलेले. दुकानाच्या माळ्यावर आढ्याला टांगून ठेवलेले असतात, आकाराप्रमाणे निवड होते कारण तंबोऱ्याचा भोपळा मोठा लागतो. दांडी आणि तबलीला (भोपळ्यावर बसते ती फळी) तूनचं लाकूड. हे काम सुरू केलं ते शिकलगार घराण्यांनी, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, हत्यारांचे दिवस संपले तसं काम बदललं. फरीदसाहेब सतारमेकरांचं नाव सगळ्यात आधी घेतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, तेव्हापासून कॅमेरेवाले वाढलेत हे खरं.

आता तुमच्या कामाचं. फोटो काढायला कोणी ना म्हणत नाही गल्लीत, माणसं चांगली आहेत, चहा पाजतील. पण दोन वेळा अशा असतात की तेव्हा कोणी मध्ये आलेलं चालत नाही. एक, पॉलिश करताना, कारण धूळ. आणि दुसरी जवारी काढताना, म्हणजे तारेचा नाद जुळवताना. घोडीचा (तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) वरचा भाग कानसीने इतका थोडा थोडा घासतात की डोळ्याला काही दिसत नाही, सगळं कानावर चालतं. घासायचं, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. अशा वेळी शेजारी कोणी खटॅक खटॅक शटर मारत असेल, वर "अंकल, एक स्माईल" म्हणत असेल, तर काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. चाचांनी काम खाली ठेवलं, हसून फोटो दिला, आणि तो माणूस गेल्यावर पहिल्यापासून सुरू केलं. बोलले काही नाहीत. त्यांचा वेळ गेला तो गेलाच.

सोबत माहितीतला पोरगा असेल तर तो सांगेल, आत्ता नको, आधी पुढच्या दुकानात जाऊ. मला विचाराल तर दीड हजार त्या "आत्ता नको"चे आहेत. शटर सायलेंट मोडवर टाकायला मात्र विसरू नका, मिररलेसला ती सोय असते ना?

रिकामटेकडी :
असते असते. वा, हे वाचूनच जावंसं वाटायला लागलं. दर्ग्यात बायकांना कॅमेरा घेऊन जाता येतं का?

तंबोऱ्याची खुंटी :
परिसरात या की, सगळ्या जातीधर्माची माणसं येतात तिथे. डोक्यावर ओढणी किंवा रुमाल घ्या. मजारीचे आणि प्रार्थना करणाऱ्या माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, हे मी कुठल्याही देवळाबद्दल पण सांगेन. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर दर्ग्याच्या आवारात आहे, आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ जी संगीत सभा होते तिथे मोठमोठे गवय्ये हजेरी लावून जातात. उरुसात जमलं तर यावं, रात्रभर गाणं असतं. पण तेव्हा कॅमेरा घरी ठेवून या असं माझं मत.

कलम अमुक उपकलम तमुक :
मूळ प्रश्नात हात आखडण्याचा उल्लेख आहे म्हणून थोडं कायद्याचं. आपल्याकडे सार्वजनिक जागी माणसाचा फोटो काढायला सरसकट बंदी करणारा कायदा नाही. पण सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानंतर खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि बाईचे खासगी क्षणातले फोटो काढणं हा सरळ फौजदारी गुन्हा आहे. घाटावर आंघोळ करणाऱ्या, कपडे बदलणाऱ्या बायकांचे "नदीकाठचं जीवन" म्हणून फोटो काढणारे महाभाग आहेत, त्यांनी हे वाचावं. आणि मिरज जंक्शनवर मोठा कॅमेरा काढाल तर पोलीस विचारणार हे धरून चाला. धंद्यासाठीच्या शूटिंगला रेल्वेची परवानगी लागते, आणि तुमचं धंद्याचं आहे की हौसेचं हे हवालदाराला लेन्सच्या लांबीवरून ठरवायची सवय असते.

राइनकाठी :
जर्मनीत आमच्याकडे फोटो छापायचा किंवा नेटवर टाकायचा तर त्यातल्या माणसाची संमती लागते, काही अपवाद सोडून. १९०७ चा कायदा आहे. इथल्या वॉकमध्ये पहिला पाऊण तास त्यावरच गेला, आणि मग सगळे जण पाठमोरी माणसं, सावल्या आणि छत्र्या काढत फिरले. माझ्याकडे आख्खं कोलोन शहर पाठमोरं आहे.

भडंगखाऊ :
"आख्खं कोलोन पाठमोरं" :) :) 

बरं, यार्डाचं. आमचे चुलते तोलाईदार (माल तोलणारे) होते, सुट्टीत त्यांच्या डब्याच्या निमित्ताने जायचो म्हणून हे सांगू शकतो. मार्च म्हणजे हंगाम, नवीन हळद येते, पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात. हळकुंड वेगळं, गड्डा वेगळा, कणी वेगळी. सौदे चालू असतात तेव्हा व्यापारी, अडते, हमाल सगळे घोळक्याने एका ढिगावरून दुसऱ्यावर सरकतात, हळकुंड मोडून आतला रंग बघतात, वास घेतात. त्या घोळक्याच्या मध्ये जाऊ नका, ढकलले जाल, आणि भावाच्या वेळी कोणी तुमच्यासाठी थांबणार नाही, पैशांचा मामला आहे. घोळक्याच्या पुढच्या ढिगाजवळ आधीच जाऊन उभे राहा, ते तुमच्याकडेच येणार आहेत.

हमालाचा फोटो तो पाठीवर पोतं घेऊन चालत असताना विचारून काढायचा नसतो, त्याला थांबवू नका म्हणजे. ओझं आहे त्याच्यावर. पोतं उतरवल्यावर बोला. सौद्याची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या. आणि पांढरे कपडे घालू नका, लग्नाचे तर मुळीच नको, घरी आल्यावर लोकांना वाटेल हळद तुम्हालाच लागली.

आयएसओ ३२०० :
पॉपकॉर्न संपलं, आता कामाचं लिहितो.

हळदीच्या ढिगासमोर कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स फसतो. सगळी फ्रेम पिवळी दिसली की त्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, तो रंग मारून टाकतो आणि हळद मातकट दिसते, माणसं निळसर. डेलाइटवर लॉक करा किंवा रॉमध्ये काढा, म्हणजे रंग नंतर सुधारता येतो. उन्हातल्या पिवळ्यामध्ये रेड चॅनल लवकर फुटतो (लाल रंगातले बारकावे जातात), म्हणून एक्स्पोजर थोडं कमी ठेवा, दोन तृतीयांश स्टॉप वगैरे. शेडच्या आत अंधार आणि दारात ऊन असं असतं, तेव्हा दाराच्या उजेडात माणूस यायची वाट बघा. शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका, हमालांचा वेग असतो. आयएसओ ऑटो, दाणे दिसले तर दिसू देत.

लेन्स तिथे बदलू नका!! ३५ एकच आहे तुमच्याकडे ते बरंच आहे. सेन्सरवर गेलेली हळद वर्षभर प्रत्येक आकाशात दिसते.

झूमवाले काका :
३५ ने काय होणार, ७०-३०० ची झूम लेन्स न्या, लांबून काढा, कोणाला त्रास नाही, कोणाची परवानगी नाही.

लेन्सवाली मावशी :
काका, लांबून झूम लावून उभा असलेला माणूसच सगळ्यात संशयास्पद दिसतो हो. ३५ वाला निदान समोर तरी असतो, लोकांना त्याला हटकता येतं.

स्पष्टच बोलते :
मला या सगळ्यात एक प्रश्न पडतो. पोत्याखाली वाकलेला हमाल, हातांना भेगा पडलेले कारागीर, हे सगळं ब्लॅक अँड व्हाइट करायचं आणि खाली "जिद्द" असं लिहून टाकायचं. त्याच्या जिद्दीचे लाइक्स तुम्हाला. वॉकवाल्याला दीड हजार, त्या हमालाला काय? पुण्या-मुंबईहून गरिबी बघायला यायचं त्यापेक्षा स्वतःच्या सोसायटीत काढा की फोटो. लिफ्टमधल्या काकूंचा काढून दाखवा कँडिड.

चौकटीबाहेर :
+१. हेच म्हणत होतो, फक्त मला इतकं नीट जमलं नाही.

भडंगखाऊ :
@स्पष्टच बोलते, मुद्दा बरोबर आहे, पण आमच्या यार्डातले हमाल म्हणजे बिचारे वगैरे नाहीत हं. संघटना आहे, हमालीचे दर ठरतात ते भांडून ठरतात. तुम्ही दुःखी चेहऱ्याची वाट बघत उभ्या राहाल आणि ते तुम्हालाच विचारतील, ओ ताई, उन्हात काय करताय, सावलीला या.

कृष्णाकाठचा :
परत आलो. वर मी पैसे कशाला म्हणून लिहिलं होतं, ते अजून पण तसंच वाटतंय, पण मिरजकरांनी ते "आत्ता नको" लिहिलं ना, त्यावरनं एक आठवलं.

२०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटाच्या वर गेलं होतं. आमच्या घरात पहिला मजला पाण्यात. २००५ चा बघितला होता त्यामुळं आम्ही म्हणायचो त्याच्यापेक्षा जास्त येत न्हाई, आलं. पाणी उतरल्यावर गाळ काढायला लागलो, गाद्या, फ्रिज, पोरांची वह्या-पुस्तकं, लग्नाचे अल्बम सगळं रस्त्यावर टाकलेलं. आणि त्यात कॅमेरेवाले. मदतवाले पण होते, लांबनं लांबनं आले, त्यांना विसरणार न्हाई. पण काही जण नुसतेच. आमची आई दारात गाळात बसलेली, तिचा फोटो काढून एक जण निघून गेला. कोण, कुठला, काय म्हाईत न्हाई. तो फोटो कुठंतरी असंल.

त्यामुळं इथल्या नदीकाठच्या जुन्या भागात कोणी कॅमेरा बघून तोंड फिरवलं तर वाईट वाटून घेऊ नका ताई. तुमचा काही दोष न्हाई. गावातला पोरगा सोबत असंल तर त्याला हे म्हाईत असतंय, कुणाच्या दारात थांबायचं आणि कुणाच्या न्हाई.

स्पष्टच बोलते :
__/\__ तुमच्या प्रतिसादानंतर माझं लिहिणं जरा हवेतलं वाटलं. आईंना नमस्कार सांगा.

कृष्णाकाठचा :
सांगतो. ती आता ठणठणीत आहे, कालच माझ्यावर ओरडली.

आणि ताई, हरिपूर सोडू नका. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, आणि पूर्वी हळद साठवायची पेवं तिथंच. जमिनीत खोल खड्डे, वरनं तोंड बारकं, आत खोली एवढी जागा. त्या मातीत हळद वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरत न्हाई, आतली हवा विषारी असते, तास न् तास उघडं ठेवायचं. २००५ च्या पुरात लई पेवांत पाणी गेलं, त्यानंतर गोदामं आणि कोल्ड स्टोरेज. आता पेवं बघायची तर दाखवणारा माणूस पाहिजे, नुसतं जाऊन दिसत न्हाईत. हां, इथं पैसे दिले तर चालतील.

आयएसओ ३२०० :
कृष्णाकाठचे शून्य खर्चावरून "पैसे दिले तर चालतील"वर आले याची नोंद घ्यावी.

जयसिंगपूरकर :
धागा चांगला चाललाय पण पहिल्याच पोस्टमध्ये सांगलीचं भडंग लिहिलंय ते खटकलं. भडंग जयसिंगपूरचं. बाकी चालू द्या.

भडंगखाऊ :
झालं, आले. आयडी कोणाचा आहे ते बघा आणि मग बोला.

जयसिंगपूरकर :
आयडी घेतल्याने भडंग आपलं होत नाही.

लेन्सवाली मावशी :
भडंगासाठी वेगळा धागा काढा रे. @रिकामटेकडी, चॅनलवाल्या प्रश्नाचं राहिलं. मी अशा वेळी कॅमेऱ्यातला फोटो दाखवते. "कुठल्या चॅनलच्या" विचारणारा माणूस शत्रू नसतो, त्याला बातमी हवी असते. त्याला बंद पडलेल्या घड्याळाचा किंवा मांजराचा फोटो दाखवला की त्याचा रस संपतो, किंवा तोच म्हणतो चला तुम्हाला एक जागा दाखवतो. माणूस त्रास देणारा वाटला तर मात्र गर्दीचा रस्ता सोडायचा नाही, आणि आपण कुठे आहोत ते घरच्या कोणाला तरी माहीत हवं.

रिकामटेकडी :
आले मंडळी, लग्न पार पडलं, मिरजेचा वॉक केला. उशीर झाला लिहायला, घरी आल्यावर आजारपणं चालू होती.

आधी ते पैशांचं. मी त्या मुलाला स्पष्टच विचारलं की यातलं गल्लीत कोणाला काही जातं का. तो म्हणाला रोख दिले तर चाचा लोक घेत नाहीत, रागावतात, म्हणून तो प्रत्येक वॉकनंतर चांगल्या फोटोंच्या प्रिंट काढतो आणि पुढच्या वेळी येताना घेऊन येतो. आमच्या वेळी पण पिशवीत होत्या, आधीच्या कोणी कोणी काढलेल्या. तर वॉकचा पहिला अर्धा तास फोटो काढणं नाहीच, फोटो वाटणं. एका दुकानात चाचांनी प्रिंट घेतली, लांब धरून बघितली, आणि म्हणाले फोटो चांगला आहे पण त्यात मी सतार उलटी धरलीय असं वाटतंय, कोणी काढला हा. मग त्यावर शेजारच्या दुकानातून दोघं आले, चर्चा झाली, सतार सुलटीच होती असं ठरलं. तोपर्यंत आम्ही तिघी (दुसऱ्या दोघी कोल्हापूरच्या कॉलेजातल्या) तिथे आहोत हे ते विसरून गेले होते. मी त्या चर्चेचे फोटो काढले. तेच सगळ्यात चांगले आलेत.

@चौकटीबाहेर, तुमचं म्हणणं मी डोक्यात ठेवून गेले होते. खिडकीतल्या उजेडातला तो आजोबा शॉट आहे, खरंच आहे, आणि त्या मुलाला पण माहितीये. तो म्हणाला हा काढून टाका एकदा, म्हणजे डोक्यातनं जाईल, मग बघायला सुरुवात करा.

@तंबोऱ्याची खुंटी, जवारीचं काम चालू होतं एका ठिकाणी. आम्ही दाराबाहेर थांबलो, नुसतं ऐकलं. कॅमेरा खालीच होता. ते संपल्यावर आतून स्वतःच म्हणाले या.

लक्ष्मी मार्केटला मात्र मजा नाही आली. गर्दी, ऊन डोक्यावर आलेलं, आणि मुलगा घाईत, त्याला पुढे कॉलेज होतं. तिथे त्याने ठराविक जागा दाखवल्या आणि आम्ही ठराविक फोटो काढले. तीन तासांतला शेवटचा तास कमी केला तरी चालेल असं मी त्याला कळवलंय.

दुसऱ्या सकाळी एकटी वडापने (शेअर गाडीने) यार्डात गेले, भडंगखाऊंनी सांगितल्याप्रमाणे पुढच्या ढिगाजवळ उभी राहिले. घोळका आला, मी काढत राहिले, कोणी हटकलं नाही. एका मामांनी फक्त विचारलं, "ताई, हळद घ्यायची का?" मी नाही म्हटल्यावर म्हणाले मग सावलीला या. अगदी तुम्ही लिहिलंत तसंच, मला हसू आलं. वॉक आधी केला नसता तर मी एकटी तिथे इतका वेळ उभी राहिले नसते एवढं नक्की. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर होता, हळद हळदीसारखी आलीये.

हरिपूरला संगमापर्यंत गेले. पेवं दाखवायला कोणी भेटलं नाही.

चौकटीबाहेर :
सतारीच्या चर्चेचे फोटो टाका की इथे. ते स्ट्रीट आहे, मान्य. वॉकला माझा विरोध कायम.

रिकामटेकडी :
टाकेन, आधी त्या मुलाकडून चाचांना विचारून घेते. इथे टाकलेले चालतील का ते.

तंबोऱ्याची खुंटी :
विचारताना सांगा की मिरजकर पण वाचतात इथे, मग ते आधी विचारतील कोण मिरजकर, आणि त्यात एक तास जाईल.

स्पष्टच बोलते :
प्रिंटची कल्पना आवडली. पण मग प्रिंटचा खर्च वॉकच्या पैशातून, म्हणजे दीड हजारात तो मुलगा किती कमावतो? उलटा प्रश्न पडायला लागलाय मला.

भडंगखाऊ :
पोस्टकार्ड साइझ प्रिंटला असा कितीसा खर्च येतो. पण सकाळी साडेसहाला उठणं, तेही कॉलेजच्या वयात, त्याचे द्यायला हवेत.

नवीन सदस्य :
पूर्ण धागा वाचला, वाचनखूण साठवली. आम्ही गणपतीत सांगलीला येतोय, दहा वर्षांची मुलगी आहे, तिला फोनवर फोटो काढायची फार आवड. लहान मुलांना घेऊन असा वॉक जमतो का?

कृष्णाकाठचा :
जमतो की. चतुर्थीच्या तीन-चार दिवस आधी या, प्रतिपदेला. आमच्या संस्थानच्या गणपतीत चोर गणपती बसतो तेव्हा, वाजतगाजत न्हाई, गुपचूप, म्हणून चोर. गर्दी कमी असते, पोरीला नीट बघता येईल. देवळात फोटोचं तिथल्या लोकांना विचारा.

लेन्सवाली मावशी :
आणि मुलीच्या हातात फोन द्या, स्वतः काढू नका. दहा वर्षांच्या मुलीला कोणी चॅनल विचारत नाही. वॉकवाल्याला आधी सांगून ठेवा म्हणजे तो दीड तासात आटोपेल आणि मध्ये कुठेतरी खायला थांबेल.

जयसिंगपूरकर :
खायला थांबायचंच असेल तर दहा-बारा किलोमीटर पुढे या.

भडंगखाऊ :
ॲडमिन, बघा हो यांच्याकडे.